फणसे काकांचा शेरा

फणसे काका कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघत. माणसांकडे नंतर. चपला काढता काढताच त्यांची मान मागे जाई, डोळे कडीपाटाच्या फळ्यांवरून फिरत, एखाद्या तुळईपाशी थांबत, आणि मग "हं, काय म्हणता?" असं म्हणत ते खाली आपल्यापर्यंत येत. मी लग्न होऊन कल्याणच्या वखार आळीत आले त्या आठवड्यात ते आम्हाला भेटायला आले होते. नव्या सुनेकडे बघायचं सोडून हे गृहस्थ छताकडे काय बघतायत, ते मला कळेना. सासूबाई हळूच म्हणाल्या, "तू मनाला लावून घेऊ नकोस. ते घराला भेटायला येतात."

माझे सासरे गेले त्या दिवशीही ते असेच दारात उभे राहिले. डोळे भरलेले, पण नजर वर. सासूबाईंच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "वहिनी, मधल्या तुळईला वाळवी नाही हं." मला वाटलं, आता सासूबाई त्यांना हाकलून देणार. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "नाही ना? बरं झालं. ह्यांना तीच एक काळजी होती." आळीतल्या लोकांची ही भाषा मला कळायला पुढे बरीच वर्षं लागली.

वखार आळी म्हणजे खाडीकडे उतरत जाणारी एक चिंचोळी गल्ली, दोन्ही बाजूंना मिळून एकतीस घरं. एका घराची भिंत तीच पुढच्या घराची. पूर्वी खाडीतून मचव्यांनी लाकूड यायचं, त्याच्या वखारी इथे होत्या, म्हणून हे नाव. वखारी गेल्या, घरं राहिली. खाली दगडी ओटा, त्यावर सागवानी खांब, वरच्या मजल्याची गॅलरी रस्त्यावर पुढे आलेली, वर कौलं. समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून बायका हळू आवाजात बोलल्या तरी एकमेकींना ऐकू जायचं, आणि मोठ्याने बोलल्या तर सगळ्या आळीला.

काका ठाण्याला एका सरकारी बांधकाम कचेरीत आरेखक होते. उभा जन्म त्यांनी पूल, गटारं आणि सरकारी गोदामांचे नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर महिनाभर ते नुसते ओट्यावर बसले, आणि मग एके सकाळी गळ्यात टेप अडकवून आमच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "वृंदा, जरा टोक धरतेस का?" त्या दिवशी मी जे टोक धरलं ते दोन वर्षं. मी बँकेत नोकरीला; बँकेला सुट्टी असली की काका हजर. एकतीस घरं आम्ही मोजली. मी म्हणते आम्ही, पण मी फक्त टोक धरून उभी राहायचे आणि लोकांच्या घरातले पसारे पाहून घ्यायचे. काका मात्र खुंट्यासुद्धा मोजत. कोनाड्याची खोली, उंबऱ्याची उंची, खांबाचा घेर. एका माजघरात एक आजारी आजोबा झोपले होते, तर काकांनी त्यांना उठवलं नाही, त्यांच्या अंगावरून टेप नेला आणि "सॉरी हं" असं टेपला म्हणावं तसं पुटपुटले.

आमच्याच घरात त्यांना तो शोध लागला. वरच्या खोलीतल्या एका वाशाला ओळीने भोकं होती, लाकडी खुंट्या ठोकून बुजवलेली, आणि वासा मध्येच किंचित वाकडा होता. काका स्टुलावर चढून पाच मिनिटं त्यावर बोटं फिरवत राहिले. मग खाली उतरून एकदम लहान आवाजात म्हणाले, "ही बोट आहे." मोडीत काढलेल्या मचव्यांची लाकडं सुतारांनी घरांना वापरली होती. मग त्यांनी पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली आणि बोटीची लाकडं हुडकत फिरले. एकवीस घरांत ती सापडली. मी त्या वाशाखाली अकरा वर्षं झोपत होते आणि मला तो फक्त वाकडा वाटत होता.

नकाशे शाईत काढून झाले की ते लाल पेन्सिलीने शेरा लिहीत. खांबाला शेरा, कठड्याला शेरा. आणि प्रत्येक घराच्या जिन्याशेजारी एकच: "मूळ जिना. बदलू नये." आमच्या आळीतला जिना म्हणजे शिडीचा सख्खा भाऊ. पाऊल आडवं ठेवावं लागतं, धरायला वरून एक दोर सोडलेला असतो, आणि सगळ्यात वर झाकणासारखी लाकडी झडप. ती वरून बंद करून घेतली की खालच्याला वर येता येत नाही. बोटीच्या तळाशी उतरायला असा जिना असतो म्हणे. काकांचा त्या जिन्यांवर फार जीव. "कडीपाट कुठेही सापडेल," ते म्हणायचे, "असा जिना नाही सापडणार."

ते सगळे नकाशे त्यांनी वारसा समितीकडे दिले आणि दीड वर्षाने आमची आळी वारशाच्या कच्च्या यादीत आली. पक्की यादी व्हायची होती, पण ती होईपर्यंत कुणी विनापरवानगी खिळासुद्धा बदलायचा नाही असा नियम लागला. शालूकाकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोने, त्या दिवशी मोठ्या पातेल्यात साखरभात केला आणि गॅलरीतून ओरडून सगळ्यांना बोलावलं. आम्ही सगळे त्या अवघड जिन्याने चढून गेलो, जेवलो, आणि पोट भरल्यावर एकेक करून दोर धरून उलटे उतरलो. काका झडपेपाशी उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, "पाऊल आडवं, आडवं ठेव." इतके खूश मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

फणशांच्या भिंतीला भिंत लावून दिलीप भोईरचं घर. भोईर मूळचे इथले, खाडीकाठी त्यांची मिठागरं होती. दिलीपची आई आणि शालूकाकू दोघी आपापल्या गॅलरीत बसून मधल्या कठड्यावरून चाळीस वर्षं गप्पा मारत आल्या होत्या. भोईरांची आई काकूंना सुकट आणून द्यायची, काकू तिला पुरणपोळी. एका पावसाळ्यात ती जिन्यावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तीन महिन्यांनी दिलीप काकांकडे आला. मी तिथेच होते.

"काका, आयेला वर-खाली कराला लय तरास होतं. जिना रुंद कराचा हाय. तुमी नकाशा काढून दिलाव तं ते समितीवाले नाय बोलनार नाय."

काकांनी त्या घराच्या नकाशाची प्रत काढून पुढ्यात पसरली. मग म्हणाले, "दिलीप, तुझ्या घरचा जिना एकसंध लाकडातला आहे. पायऱ्यासुद्धा जोडलेल्या नाहीत, कोरलेल्या आहेत. आळीत तसा एकच आहे."

"काका," दिलीप म्हणाला, "माजी आय पन एकच हाय."

काकांनी वर बघितलं. त्यांना उत्तर सुचेना तेव्हाही ते वरच बघत, हे मला त्या दिवशी कळलं. नकाशा त्यांनी काढून दिला नाही. दिलीपने विठ्ठलवाडीला तळमजल्यावर एक खोली भाड्याने घेतली आणि आईला उचलून तिकडे नेलं. जाताना ती रिक्षात बसून गॅलरीकडे हात करत होती, आणि काकू वरून हात हलवत होत्या. त्यानंतर भोईरांच्या घरातलं कुणी फणशांशी बोललं नाही. काकूसुद्धा काकांशी चार-पाच दिवस बोलल्या नाहीत. मग बोलल्या, कारण घरात तिसरं कुणी नव्हतं. दोघांना मूलबाळ नव्हतं.

नंतर दोनेक वर्षांत काकूंचे गुडघे गेले. हृदय अशक्त होतं म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला नकार दिला. खालच्या मजल्यावर काकांच्या वडिलांच्या काळापासून पिठाची गिरणी, भाडेकरू हलणार नाही, त्यामुळे खाली राहायची सोय नाही. एकदा काकूंना तपासणीसाठी न्यायचं होतं, तर आळीतल्या चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून साडीने बांधलं आणि जिन्यातून उतरवायला घेतलं. सातव्या पायरीवर खुर्ची दोन्ही बाजूंना रुतली. वर येईना, खाली जाईना. पाऊण तास काकू त्या अंधाऱ्या बोळकांडीत खुर्चीला बांधलेल्या अडकून होत्या. गिरणी चालूच होती, त्यांच्या केसांवर पीठ बसत होतं. सुरुवातीला त्या हसत होत्या, "अरे, मला जत्रेत नेताय की देवळात?" मग हसायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, "मला वर घ्या. मला कुठेच नाही जायचं." साडी सोडून त्यांना हातांवर वर घेतलं. डॉक्टरच घरी आले. त्यानंतर काकू कधी खाली उतरल्या नाहीत.

दोन वर्षं आणि वर काही महिने. त्यांचं सगळं जग म्हणजे ती गॅलरी. भाजीवाल्याशी वरून भांडायच्या, दोराला पिशवी बांधून सोडायच्या, शाळेतून येणाऱ्या पोरांना नावानिशी हाका मारायच्या. मला म्हणायच्या, "वृंदा, मला हल्ली सगळ्यांची टकलंच ओळखू येतात, तोंडं विसरले मी." मी हसायचे. पण एका दुपारी मी त्यांच्याजवळ बसले होते, तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "ओट्यावरचा दगड दुपारी अजून तापतो का गं? अनवाणी बसलं की चटका बसायचा." आणि मग भिंतीवर टांगलेल्या आपल्या घराच्या नकाशाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यांनी खुंट्यासुद्धा काढल्यात बघ. मी कुठेच नाही." मी उगाच चहा करायला उठले.

काका सत्तरीच्या पुढे गेलेले. पाणी, सामान, औषधं, सगळं तेच वर चढवत. संध्याकाळी मी बँकेतून येताना ते खालच्या पायरीवर एकटे बसलेले दिसत, गिरणीकडे पाठ करून. जिना बदलायचा म्हणजे आपलाच शेरा खोडायचा, आणि आपला शेरा त्यांनी जन्मात कधी खोडला नव्हता. मी एकदा चिडून म्हणाले, "काका, जिना की काकू, एकदा ठरवून टाका." ते म्हणाले, "ते ठरलेलंच आहे गं. पण दिलीपला मी नाही म्हटलंय." 

शेवटी ते समितीच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने त्यांना सोपी वाट दाखवली: फक्त तुमच्या घरापुरती सवलत मागा, वैद्यकीय कारण लिहा, सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा, होऊन जाईल. काका हलके होऊन घरी आले. मला बोलावून घेतलं, अर्ज वाचून दाखवला. काकू गॅलरीत बसून तांदूळ निवडत होत्या.

"भोईरांचं काय?" त्यांनी विचारलं.

"हा आपल्यापुरता अर्ज आहे, शालू."

"मग फाडा तो. ती तिकडे विठ्ठलवाडीला आणि मी जिन्याने मिरवत खाली? मला नको तसला जिना."

"अगं, सगळ्यांसाठी लिहायचं म्हणजे शेराच मागे घ्यायचा. त्या शेऱ्यावर सगळी यादी उभी आहे. हे पत्र गेलं म्हणजे आळी गेली."

काकूंनी ताट बाजूला ठेवलं. "आळी जाईल. मी कुठे जाऊ, ते सांगा."

काकांनी पत्राचे चार खर्डे केले. चारही मला वाचायला दिले. शेवटच्यात फक्त तीन वाक्यं होती. वखार आळीतल्या सर्व घरांच्या जिन्यांबाबतचा माझा शेरा मी मागे घेत आहे. तो लिहिताना मी लाकूड पाहिलं, त्यावरून चढणारी माणसं पाहिली नाहीत. ही माझी चूक आहे, समितीची नाही. खाली सही. मी म्हटलं, "काका, चूक हा शब्द काढा की." ते म्हणाले, "तोच तर ठेवायचाय."

पाहणीला समितीची एक तरुण वास्तुविशारद आली. हातात टॅब, पाठीला सॅक. हुशार आणि मनापासून काम करणारी मुलगी होती. ती काकांच्या नकाशांवरच शिकली होती असं म्हणाली. तिने सगळ्यांसमोर आदराने विचारलं, "सर, तुमच्या शेऱ्यांवरच तर आम्ही ही लिस्ट केली. इतकी वर्षं तुम्हीच सांगत होतात, काही टच करू नका. आता असं काय बदललं?"

आळीतली पंधरा-वीस माणसं जमली होती. दिलीपही होता, मागे, आपल्या ओट्यावर हाताची घडी घालून. काका म्हणाले, "बायको अडकलीय." मग दिलीपच्या ओट्याकडे बघून म्हणाले, "भोईरची आई अडकली होती तेव्हा मी ऐकलं नाही. अजून कोण कोण अडकलंय ते मी मोजलेलं नाही." एवढं बोलून ते वर निघून गेले. त्या मुलीने टॅब बंद केला.

परवानगी आली. काकूंनी हट्ट सोडला नाही, त्यामुळे आधी भोईरांचा जिना झाला. कोरलेला जिना निघाला तेव्हा काका घरात दार लावून बसले होते, पण नव्या जिन्याचा नकाशा त्यांचाच होता: पायऱ्या रुंद, उतार सोपा, दोन्ही बाजूंना कठडा. दिलीपची आई परत आली त्या दिवशी तो स्वतः फणशांच्या दारात आला. "काका, या ना, आय बोलवते." काका गेले. मीही मागोमाग गेले. त्या घरात शिरताना मी त्यांच्या मानेकडेच बघत होते. ते वर बघत नव्हते. सरळ म्हातारीजवळ जाऊन तिच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "चुकलो मी." ती म्हणाली, "च्या घे रं बाबा आधी."

पुढच्या महिन्यात काकूंचा जिना झाला. काकू उतरल्या त्या सकाळी आळीत कुणी कामावर वेळेत गेलं नसेल. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने काकांचा खांदा, एकेका पायरीवर थांबत, शिव्या घालत, घाम पुसत त्या खाली आल्या. ओट्यावर अनवाणी पाय टेकवून बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या. भोईरांची आई काठी टेकत आली, शेजारी बसली. "शालू, किती बारीक जाली गो तू." मी आजवर एवढी सुखाची सकाळ पाहिली नाही, हे आजही छातीठोकपणे सांगते.

आणि मग काका म्हणाले होते तसंच झालं. त्यांच्या पत्राच्या झेरॉक्स घरोघर गेल्या. आधी जिन्यांचे अर्ज झाले, मग भिंतींचे, मग छपरांचे. पक्की यादी ठरायच्या सुनावणीत लोकांनी तेच पत्र पुढे केलं: ज्यांनी शेरे लिहिले तेच चूक म्हणतायत. वखार आळी यादीतून वगळली. वर्षभरात सात घरं गेली. त्यांतलं एक आमचं.

हे लिहिलंच पाहिजे. आमच्या घर पाडायच्या अर्जाला जोडलेली झेरॉक्स मी स्वतः काढून आणली होती. दीर-जावांना वाटे हवे होते, मुलगा ठाण्यात फ्लॅट बघत होता, माझ्याही गुडघ्यांनी कुरकूर सुरू केली होती. कारणं सगळी खरी होती. बोटीचा वासा कंत्राटदाराने इतर लाकडांबरोबर ट्रकमध्ये टाकला तेव्हा मी तिथे नव्हते. मी मुद्दामच गेले नव्हते.

गेल्या हिवाळ्यात मी ठाण्याहून त्यांना भेटायला गेले. रिक्षावाल्याला म्हटलं, थांब दहा मिनिटं. काकू ओट्यावर बसल्या होत्या, शेजारी भोईरांची आई, मध्ये हरभऱ्याची जुडी. दोघी दाणे सोलत होत्या आणि तोंडात टाकत होत्या. काकूंचा रंग सुधारला होता. त्या रोज मंदिरापर्यंत चालत जातात, मंडईत जातात, परवा तर रिक्षाने डोंबिवलीला बहिणीकडे जाऊन आल्या. मी विचारलं, "काका कुठायत?"

"वर," काकू म्हणाल्या. हातातला हरभरा तसाच राहिला. "आठ महिने झाले गं. उतरतच नाहीत. पाय धडधाकट आहेत, डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही. भाजी मी आणते, दूध मी आणते. एवढा मोठा जिना केला आणि हे उतरत नाहीत."

मी रस्त्याच्या मधोमध येऊन वर पाहिलं. काका गॅलरीत उभे होते, दोन्ही हात कठड्यावर. समोर आमचं घर होतं तिथे आता निळे पत्रे आणि पत्र्यांच्या वर मोकळं आभाळ. ते तिकडेच बघत होते. मी हाक मारली. त्यांनी मान खाली केली, मला ओळखलं, आणि हसले. रागाचा लवलेश नव्हता. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"काका, खाली या की. मी एवढ्या लांबून आलेय."

"अहो, वृंदा आलीय," काकूंनी खालून सांगितलं. "उतरा की दोन मिनिटं."

"येतो, येतो," काका म्हणाले. "बसव तिला."

मी काकूंशेजारी ओट्यावर बसले. काकूंनी चहा मागवला, तो पिऊन झाला. रिक्षावाला दोनदा डोकावून गेला, तेव्हा त्याला पैसे देऊन सोडून दिलं. आम्ही तिघी जिन्याच्या दाराकडे तोंड करून बसलो होतो आणि बोलत होतो. जिन्यावर पाय वाजला नाही.